आडवी मासळी, उभी मासळी

रविवार, रात्री साडेदहा

आज पणजीला मासळीच्या प्रदर्शनाला जाऊन आलो. पाय दुखताहेत, उद्या सोमवार, डबा, शाळेची बस, सगळं आहेच. तरी झोपायच्या आधी लिहून ठेवते, कारण आईंची ती वाकडी मान काही डोळ्यांपुढून जात नाही.

(आई म्हणजे सासूबाई. घरात आम्ही सगळे कोकणीच बोलतो, पण हातात पेन आलं की माझी मराठी सुरू होते. शाळाच तशी झाली. त्यामुळे आज जे बोलणं झालं ते इथे मराठीत.)

जायचा हट्ट सईचा. आई सुरुवातीला तयारच नव्हत्या. "मासळी बघायला पणजीला कशाला? म्हापशाच्या बाजारात चल, फुकट दाखवते." शेवटी सईने त्यांची चप्पल आणून समोर ठेवली, तेव्हा निघाल्या. पूल ओलांडला, गाडी लावायला अर्धा तास गेला, त्यावर सईच्या पप्पांचं जे व्हायचं ते झालं.

आत शिरताच पहिला मांडव रंगीत माशांचा. कपाळावर टेंगूळ आलेले फ्लॉवरहॉर्न, शेपटीचा घागरा करून फिरणारे गोल्डफिश, निळे दिवे, आणि मोबाइल उंच धरलेली माणसं. हा सगळा परमुलखातला माल. 'गोव्याची मासळी' असा कापडी फलक मागच्या मांडवात होता आणि तिथे गर्दी इतकी कमी की पंख्याचा वारा लागत होता. मला खरं तर तेच बरं वाटलं.

पहिल्याच टाकीत हातभर लांबीचे पाच-सहा राखी मासे एका दिशेने तोंड करून उभे होते. आईंचा चष्मा गाडीत राहिलेला, त्यामुळे पाटी वाचता येईना. मी सांगणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं. काचेजवळ गेल्या. मागे आल्या. "ओळखीचा वाटतो गं, पण कोण ते कळत नाही." मग त्यांनी मान हळूच उजव्या खांद्यावर टाकली, पार आडवी केली, आणि एकदम म्हणाल्या, "अगो, शेवटो!"

पाटीवर तेच होतं. शेवटो, गोव्याचा राज्यमासा.

आम्ही हसलो, पण नंतर मला हसू आवरून विचार करावा लागला. साठ-पासष्ट वर्षं या बाईने मासळी पाहिली ती आडवी. टोपलीत आडवी, आदोळीवर (विळीवर) आडवी, ताटात आडवी. खवले कसे, कल्ले किती लाल, पोट दाबलं तर बोट रुतलं की नाही, सगळं त्यांना ठाऊक. पण हा मासा उभा, समोरून तोंड करून, त्यांच्याकडे बघतोय असा कधी भेटलाच नव्हता. माझं तरी काय वेगळं? मला समोरून पाहिलेला शेवटा म्हणजे एक चपटं, रुंद, थोडं खट्टू झालेलं तोंड वाटलं. पुढे मग प्रत्येक टाकीपाशी आई मान वाकडी करत गेल्या, सईही तशीच करायला लागली आणि शेजारचं एक म्हातारं जोडपंही.

चणक, म्हणजे जिताडा, मोठा होता. टाकीच्या कोपऱ्यात नुसता तरंगत होता, हलतही नव्हता, डोळ्यात मात्र निखाऱ्यासारखी चमक. तिथे मत्स्यविज्ञान शिकणारा एक मुलगा माहिती द्यायला उभा होता. त्याने सांगितलं की चणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की त्याची मादी होते. गोबऱ्याचं (ग्रुपर माशाचं) नेमकं उलटं, आधी मादी आणि मग नर. सईचे पप्पा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते, पण आईंनी त्यांना संधीच दिली नाही. "वय झालं की घर सांभाळायची अक्कल येते, दुसरं काय," म्हणाल्या. तो मुलगा लाजला.

चणक बघूनच त्यांना मानस आठवली. आईंचं माहेर पेडण्यातलं आगरवाडा, शापोरा नदीच्या काठी, खाजन शेतीचा आणि मिठागरांचा गाव. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली जमीन, आणि त्या बांधातलं दार म्हणजे मानस. भरतीचं पाणी रेटलं की लाकडी फळ्या आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. मानशीवर जाळं लावायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, घ्यावा लागे. त्यांचे वडील अमावास्या-पुनवेला, उधाणाच्या रात्री कंदील घेऊन जायचे आणि पहाटे चणक, शेवटे, काळुंदर, सुंगटं (कोळंबी) घेऊन यायचे. "बाबांच्या आधी त्यांचा वास घरात यायचा," त्या म्हणाल्या. हे मी लग्नाच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

शेजारची काळुंदर बघून मात्र त्यांना मान वाकडी करावी लागली नाही. हिरवट अंग, त्यावर मोत्यासारखे ठिपके आणि उभे पट्टे. मुलाने सांगितलं की काळुंदरीचे नर आणि मादी दोघं मिळून अंड्यांची राखण करतात, पंखांनी त्यांना वारा, म्हणजे पाणी, घालत राहतात. तिचे जवळचे भाऊबंद कुठे? तर मादागास्करला. आईंना मादागास्कर माहीत नव्हतं. "लांब असेल," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पुढची टाकी रिकामी. नुसती वाळू. सईने नाक काचेला लावलं आणि मिनिटभराने ओरडली, "आजी, वाळूला डोळे आहेत!" लेपो होता. दोन्ही डोळे एकाच बाजूला, जवळजवळ, आणि दोन्ही वेगवेगळे फिरत होते. लेपो पिल्लू असताना इतर माशांसारखाच उभा पोहतो, एक डोळा इकडे आणि एक तिकडे. मग वाढता वाढता एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा कायमचा कुशीवर झोपतो. सईने स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवून ते कपाळावरून फिरवून पाहिलं. आईंना मात्र वेगळाच आनंद झाला होता. "हा एकटाच ताटात दिसतो तसा आहे बघ. प्रामाणिक!"

गोड्या पाण्याचा भाग शेवटी, कोपऱ्यात, चार छोट्या टाक्या आणि एक मिणमिणती ट्यूब. इथे मी पुढे झाले. माझं माहेर डिचोलीकडचं, समुद्र आम्ही सुट्टीत बघायचो. आमची मासळी ओढ्यातली. पहिला पाऊस धो धो पडला की चढणीचे मासे वर यायचे, ओढ्यातून पाटात, पाटातून शेतात, अंडी घालायला. रात्री बत्ती घेऊन बाप्ये निघायचे, आम्ही मुलं मागून. पुढे पुढे पावसात आमचा ओढा खाणींच्या गाळाने तांबडालाल होऊ लागला आणि बत्त्याही कमी झाल्या.

एका टाकीत बोटाच्या दोन पेरांएवढे मासे होते, अंगावर उभे काळसर पट्टे, चमक अशी की काचेवर कुणी नवं नाणं फिरवतंय. पाटीवर 'पेथिया सेटनाय' असं लॅटिन नाव. फक्त गोवा आणि कर्नाटकातल्या ओढ्या-नद्यांत सापडतो, आणि शास्त्राच्या वहीत त्याची नोंद झाली ती १९९२ साली. म्हणजे मी शाळेत होते तेव्हा! मी मुलाला विचारलं, याला आपल्याकडे काय म्हणतात? तो म्हणाला, इथलं वेगळं नाव त्याला कुणाकडून मिळालं नाही. आईंना विचारलं. "ओढ्यातली बारीक मासळी. तिला कसलं नाव? तळायला घेतली तर मूठभरही भरायची नाही."

खरंच आहे ते. खारं पाणी चढतं तिथवर आपल्याकडे नावांचा नुसता सुकाळ. एकाच माशाला लहानपणी एक नाव, मोठेपणी दुसरं. ओढ्यापाशी आलं की आपली जीभ अडते. ज्याचं हुमण (कालवण) होत नाही त्याचं बारसंही होत नाही. मी सुद्धा त्या माशांना लहानपणी ओंजळीत धरलं असेल, नव्हे, धरलंच आहे, आणि 'मासे' एवढंच म्हटलंय.

आणि तेवढ्यात वीज गेली.

अंधारापेक्षा आधी जाणवली ती शांतता. इतका वेळ सगळ्या टाक्यांतून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता, तो आपण ऐकत होतो हे तो थांबल्यावर कळलं. जनरेटर कुठेतरी खाकरत होता, पण पेट घेईना. तो मुलगा धावत आला, एक प्लास्टिकचा मग घेतला, चणकाच्या टाकीतलं पाणी काढून हात उंच करून परत त्याच टाकीत ओतायला लागला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून. एकटा किती टाक्या करणार? सईचे पप्पा, जे आल्यापासून पार्किंगवरून कुरकुरत होते, त्यांनी बाह्या वर केल्या आणि कुठूनशी पाण्याची बाटली कापून आणली. आई मोबाइलची बॅटरी धरून उभ्या. "कालवण ढवळल्यासारखं नको, धार धर, धार," अशा सूचना चालू. दहा-बारा मिनिटांनी दिवे आले. चणक होता तिथेच होता. मुलगा घामाने निथळत होता, आईंनी त्याला पर्समधलं भुईमुगाचं पाकीट दिलं.

बाहेर पडायच्या वाटेवर एका उथळ ट्रेमध्ये शिंपले होते, तळहाताएवढे, पातळ, जवळजवळ आरपार दिसणारे. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे ते. आमच्या गावच्या घरी माजघराच्या खिडकीला अजून आहेत. तो जीव चिखलीच्या खाडीत, झुवारीच्या चिखलात अजून जगतो आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे, हे तिथे वाचलं. इतकी वर्षं ती खिडकी पुसली, पण तिच्या आत कधीकाळी कुणी राहत होतं हा विचार कधी शिवला नव्हता. समुद्रघोड्याचं नुसतं चित्र होतं, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो पकडता येत नाही.

सईने शेवटचा प्रश्न दारात विचारला. "बांगडा कुठे आहे?"

खरंच, बांगडाच नव्हता. आमच्या घरात आठवड्यातून तीनदा असतो तो. मुलगा म्हणाला, बांगडा टाकीत ठेवणं फार कठीण. तो थव्याने, सतत पुढे पोहत राहतो, तोंड उघडं ठेवून, आणि तेच पाणी कल्ल्यांतून जात त्याचा श्वास आणि अन्न दोन्ही चालतं. चौकोनी टाकीत चार हात गेला की काच. आपटतो, खरचटतो, मरतो.

परतीच्या वाटेवर आई गप्प होत्या. पुलावर म्हणाल्या, "म्हणजे जिवंत बांगडा मी कधी बघितलाच नाही." मग थोड्या वेळाने, "तूही नाही."

मंगळवार, सकाळ

काल सोमवार, आईंचा उपास, त्यामुळे घरात मासळीचं नाव नाही. आज मासळीवाला स्कूटरवरून आला तेव्हा मात्र त्या फाटकापर्यंत गेल्या. बांगडे घेतले. उडदमेथी करायचा बेत.

शाळेची बस यायला दहा मिनिटं होती. आदोळीवर बसलेल्या आईंनी सईला हाक मारली. एका बांगड्याच्या कल्ल्याचं झाकण अंगठ्याने वर उचलून तोंड उघडून दाखवलं. आत पांढऱ्या पिसांसारखी दाट फणी. "इतकी वर्षं ओढून टाकते मी ही. याच्यातूनच गाळतो तो पाण्यातलं बारीकसारीक, तो मुलगा बोलला ना." सई वाकली, बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, याला उभा धर ना."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी बाजूचं पातेलं ओढलं, पाणी ओतलं, एक बांगडा पोटाखाली दोन बोटं देऊन पाण्यात उभा धरला आणि हळूहळू पुढे-मागे करत राहिल्या. वरून बघितलं तर पाठ गडद, निळसर हिरवी, आणि वरच्या पंखाच्या दोन्ही बाजूंनी काळ्या ठिपक्यांची एकेक ओळ, कुणी मोजून टिकल्या लावाव्यात तशी. आडव्या बांगड्यात एका वेळी एकच ओळ दिसते.

बाहेर बसचा हॉर्न वाजला. सई हलेना.

"जा गो," आई म्हणाल्या, पण हात पाण्यातून काढला नाही.