पोटातला गोळा आणि फुलपाखरं : आमची वाटचाल

२००६ साली सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आमचं काम सुरू झालं. भांडवल म्हणजे एक टेबल, एक कॅसेट रेकॉर्डर आणि हाडांच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर. औषध चाचण्यांत रुग्णांना त्यांच्या त्रासाबद्दल विचारायच्या इंग्रजी प्रश्नावल्या मराठीत आणायच्या, हा धंदा. अशा भाषांतरांसाठी इस्पॉर या आंतरराष्ट्रीय आरोग्य-संशोधन संस्थेची दहा टप्प्यांची पद्धत आदल्याच वर्षी छापून आली होती. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं (फॉरवर्ड), त्यातून एक मसुदा ठरवायचा (रिकन्सिलिएशन), तो तिसऱ्यानं मूळ न पाहता पुन्हा इंग्रजीत न्यायचा (बॅक), मग रुग्णांशी बोलून शब्द कळतात का ते बघायचं (डिब्रीफिंग), वगैरे.

मी मराठीची एम.ए., सगळं ज्ञान कागदावरचं. सिस्टरांनी पहिल्याच मुलाखतीत ते उतरवलं. उत्तरांच्या कार्डावर मी ‘थोडा, बराच, खूप’ असे पर्याय छापले होते. जुन्नरकडच्या एक आजी ‘बराच’वर बोट ठेवून म्हणाल्या, “बरा कुठला, दुखतंय की!” कार्डं पुन्हा छापली, लॅमिनेशनसकट. ‘गेल्या आठवड्यात’ही तेव्हाच गेलं. लोक मागच्या सोमवार ते रविवारचं सांगायचे, आम्हाला हवे असायचे कालपर्यंतचे सात दिवस. तो रेकॉर्डर अजून खणात आहे. कॅसेट मागं फिरवून ऐकली की उत्तराआधीचा थांबा कळतो, आणि अडलेला शब्द नेमका त्या थांब्यात सापडतो.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग २०१३ आलं. सुप्रीम कोर्टातल्या याचिकेमुळे औषध चाचण्यांचे नियम कडक झाले, नुकसानभरपाई आली, वर्षअखेरीस संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं. नियम हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि चार महिने आमच्याकडे कामाची एकही ऑर्डर आली नाही. पाटल्या गहाण पडल्या. सिस्टरांनी मानधन घेणं आपणहून थांबवलं. वर डबाही त्याच आणायच्या.

त्यातच भाषांतराची कामं वाटणाऱ्या एका एजन्सीनं हॅड्स या चिंता-नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या भाषांतराचा नमुना मागवला. ही १९८३ ची, चौदा प्रश्न, सात चिंतेचे, सात नैराश्याचे. त्यात भीतीनं पोटात फुलपाखरं उडाल्यासारखं वाटतं का, असा एक प्रश्न आहे. इंग्रजांच्या पोटात फुलपाखरं उडतात, आपल्या पोटात गोळा येतो. आम्ही ‘गोळा’ लिहिलं. निम्म्या दरात काम करणाऱ्या दुसऱ्या एका फर्मनं सरळ ‘फुलपाखरं’ लिहिली. त्यांच्या बॅक ट्रान्सलेशनमध्ये फुलपाखरं जशीच्या तशी परत आली, आमच्यात मात्र ‘चेंडूसारखं काहीतरी’ आलं. परदेशातल्या समीक्षकानं आमच्या ओळीवर लाल खूण केली. काम त्यांना गेलं. माझा संशय आजही आहे, की त्यांच्या बॅकवाल्यासमोर मूळ इंग्रजी उघडं होतं. बॅकवाल्याला मूळ कधीही दाखवू नका, आणि बॅक तंतोतंत जुळलं तर आनंद मानू नका, आधी चौकशी करा.

पुढच्या वर्षी तीच एजन्सी परत आली. कॅन्सरच्या वॉर्डात रुग्ण त्या प्रश्नाला हसत होते, काही जण घाबरतही होते. पोटात खरंच काही वळवळतंय की काय, असं विचारायचे. आम्ही आमच्या दरात, निम्मे पैसे आगाऊ घेऊन, सात रुग्णांच्या मुलाखती केल्या. इथं मला माझंही सांगायला हवं. पहिल्याच काकांनी ‘गोळा’ ऐकून फाइल काढली, म्हणाले, “सोनोग्राफीत तर काही निघालं नाही.” सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, या वॉर्डात गोळा म्हणजे गाठ. काढ तो शब्द.” वर्षभर ज्या शब्दासाठी मी भांडले, तो असा गेला. शेवटी ‘भीतीनं पोटात कालवाकालव होते’ यावर सातही जण न अडखळता बोलले.

(मुलाखतीच्या वेळी नातेवाइकांना चहाला पाठवा. सून शेजारी असली की सासूबाईंना झोप छान लागते.)

एजन्सीनं बिल वेळेवर चुकतं केलं. पाटल्या सुटल्या. प्रश्नावलीत शब्द आमचे आहेत. सोबतच्या भाषांतराच्या सर्टिफिकेटवर नाव मात्र अजून त्या निम्म्या दरवाल्यांचंच आहे. दोनदा मेल केली, उत्तर आलं नाही.