एकेचाळीस पुस्तकांत शिरायचं कुठून?

आमच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटात एक अख्खा कप्पा टेरी प्रॅचेटचा आहे. घरी येणारं माणूस त्यापुढे थांबतं, बोटानं पुस्तकं मोजायला लागतं आणि शेवटी विचारतं, "एवढी सगळी! यातलं आधी कुठलं वाचू?" ऑफिसात आणि लोकलमध्ये शेजारी बसलेलेही हेच विचारतात. परवा भाचीनंही फोनवर हाच प्रश्न विचारला, तेव्हा म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रॅचेट हा इंग्लंडमधला लेखक. त्यानं 'डिस्कवर्ल्ड' नावाचं एक जग रचलं. थाळीसारखी सपाट पृथ्वी चार हत्तींच्या पाठीवर, ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर, आणि ते कासव अंतराळातून संथपणे पोहत चाललेलं. आपल्याला याचं फार नवल वाटत नाही. कूर्म आणि दिग्गज आपण आजीच्या कुशीत ऐकलेले असतात, आणि ही कल्पना मुळात अशाच जुन्या पुराणकथांतून आलेली आहे. १९८३ ते २०१५ या काळात या जगातल्या ४१ कादंबऱ्या आल्या. बेचाळिसावी येणार नाही. प्रॅचेट २०१५ च्या मार्चमध्ये गेला, आणि अपुरं लिखाण असलेली त्याची हार्ड डिस्क २०१७ मध्ये त्याच्याच इच्छेप्रमाणे वाफेच्या रोडरोलरखाली घालून चिरडली.

आता उत्तर. पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. तेराव्यापासून करा. त्याचं नाव 'स्मॉल गॉड्स', साल १९९२.

पहिल्यापासून का नको, हे मला अनुभवानं कळलं. मालिका म्हटली की पहिला भाग आधी, हे डोक्यात पक्कं होतं, म्हणून मी 'द कलर ऑफ मॅजिक' घेतलं आणि शंभरेक पानांवर सोडलं. पुढची सहा-सात वर्षं मी या लेखकाकडे फिरकलेही नाही. त्या वर्षांची मला अजून हळहळ वाटते. कारण नंतर कळलं. त्या पुस्तकात आधीच्या काही दशकांतल्या इंग्रजी अद्भुतकथांची थट्टा आहे. तलवारबहाद्दर रानटी नायक, ड्रॅगनवर बसून उडणारे योद्धे, अंधाऱ्या देवळांतल्या नाव न घेण्याजोग्या शक्ती. ज्यांनी ती पुस्तकं लहानपणी वाचली ते पानोपानी हसतात. माझ्या लहानपणी ती नव्हतीच. मूळ नाटक न पाहता त्याचं विडंबन पाहायला बसावं, तशी गत झाली. शिवाय पुस्तकाच्या शेवटी नायक जगाच्या कडेवरून खाली पडतो, आणि पुढे काय झालं हे कळायला दुसरं पुस्तक घ्यावं लागतं. बाकीची बहुतेक पुस्तकं स्वतंत्र आहेत, नेमकं हेच नाही. प्रॅचेट तेव्हा वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होता आणि संध्याकाळी घरी येऊन लिहायचा. या जगात आपल्याला काय म्हणायचंय, हे त्यालाही तेव्हा सापडायचं होतं. पुढे डझनभर पुस्तकं झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं आणि मनापासून आवडलं. पण ते दार नव्हे.

'स्मॉल गॉड्स' वाचायला मात्र आधीचं काही माहीत असावं लागत नाही. देव, देऊळ आणि देवळातली माणसं ठाऊक असली की पुरे. ती तर आपल्याला जन्मापासून ठाऊक असतात.

गोष्ट अशी. ओम्निया नावाचं एक धर्मराज्य आहे. तिथे ओम या एकाच देवाला मानतात, आणि त्याच्या नावानं माणसांचा छळ करणारी एक मोठी यंत्रणा आहे. हा ओम एकदा मोठ्या थाटात पृथ्वीवर प्रकट व्हायला येतो आणि निघतो एक छोटंसं कासव. गरुड त्याला उचलतो, वरून टाकतो, आणि तो पडतो मठाच्या बागेत. तिथे ब्रूथा नावाचा एक साधाभोळा पोरगा कलिंगडांच्या वाफ्यात खुरपत असतो. त्याला लिहिता-वाचता येत नाही, पण एकदा पाहिलेलं-ऐकलेलं तो कधीच विसरत नाही. कासव बोलतं ते फक्त त्यालाच ऐकू येतं. कारण या जगात देवाचं बळ माणसांच्या श्रद्धेतून येतं, आणि लाखो लोक ओमची प्रार्थना करत असले तरी त्याच्यावर खरी श्रद्धा असलेला हा एकटाच उरलाय. बाकीचे भितात ते यंत्रणेला. देवाभोवती इमारती, विधी, पुजारी आणि अधिकार यांचं कवच वाढत गेलं आणि आतला देव कधी सुकून गेला, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पंढरपूर आठवलं. पुंडलिकानं टाकलेल्या विटेवर वाट पाहत उभा राहिलेला देव, जनाबाईबरोबर जात्यावर बसलेला देव. देवाला भक्त लागतो, ही गोष्ट आपल्याला कुणी समजावून द्यावी लागत नाही. फरक आहे तो असा, की विठोबा प्रेमानं येतो आणि ओम आधी निव्वळ स्वार्थानं ब्रूथाला चिकटतो. हा पोरगा मेला तर आपण संपलो, एवढंच त्याला कळत असतं. मग पाठीवर ऊन घेत, वाळवंट तुडवत, एका माणसाची काळजी करायला तो देव कसा हळूहळू शिकतो, ते मी इथे सांगत नाही.

एक प्रसंग मात्र सांगते. व्हॉर्बिस हा त्या छळयंत्रणेचा प्रमुख. तो कधी आवाज चढवत नाही, रागावत नाही. एकदा बागेत चालताना त्याला कासव दिसतं. तो ते उचलून पाठीवर उलटं ठेवतो, परत पालथं होऊ नये म्हणून बाजूला नीट खडे लावतो, आणि पाय हलताना बघत राहतो. बस, एवढंच. ते कासव म्हणजे त्याचाच देव आहे, हे त्याला माहीत नाही. ही गोष्ट मी आईला मराठीत सांगत होते. ती भाजी निवडत होती. इथे आल्यावर तिचे हात थांबले आणि तिनं विचारलं, "अगं, मग त्याला सरळ केलं की नाही कुणी?" विनोदी पुस्तक म्हणून मी गोष्ट सांगायला बसले होते, आणि आई कासवासाठी कासावीस झाली होती. हा लेखक हसवता हसवता आपल्याला कुठे नेऊन सोडतो, ते मला त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर दिसलं.

पुढे काय, असं विचाराल तर 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९). अँख-मॉरपॉर्क या बकाल शहरातले रात्रपाळीचे पोलीस आणि त्यांचा दारूत बुडालेला कप्तान सॅम व्हाइम्स. त्याच्या मागोमाग 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) घ्या. त्यात बुटांचा हिशेब आहे. चांगले बूट ५० डॉलरला मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. व्हाइम्सचा महिन्याचा पगार ३८ डॉलर, म्हणून तो १० डॉलरचे पुठ्ठ्याच्या तळव्याचे बूट घेतो. ते एक-दोन हंगामांत गळायला लागतात. दहा वर्षांत गरीब माणसाचे बुटांवर १०० डॉलर जातात आणि पाय ओलेच राहतात. तळवे इतके झिजलेले, की दाट धुक्यातही पायाखालच्या दगडांवरून आपण कुठल्या गल्लीत आहोत ते व्हाइम्सला कळतं. गरिबी महाग कशी पडते, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. याच मालिकेतलं 'नाइट वॉच' (२००२) सगळे सर्वोत्तम म्हणतात आणि मलाही ते पटतं. पण या माणसांशी आधीची ओळख नसेल तर ते निम्मंच पोचतं. थांबा त्यासाठी.

आणि 'मॉर्ट' (१९८७). कुणीच कामावर न घेतलेल्या एका पोराला प्रत्यक्ष मृत्यू शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊन जातो. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही, तिथे प्रत्येकाच्या नावाचं वाळूचं घड्याळ. हा मृत्यू क्रूर नाही, त्याला मांजरं फार आवडतात. तो बोलतो ते अवतरणचिन्हांशिवाय, सगळं कॅपिटल अक्षरांत. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे त्याचा तो खोल, थंड आवाज मराठीत कसा आणायचा हे कोडं मी पुष्कळदा सोडवून बघते. मला ते सुटलेलं नाही. प्रॅचेट गेल्याची बातमी त्याच्या ट्विटर खात्यावरून आली, ती त्याच अक्षरांत सुरू झाली होती. मी ती विरारच्या गाडीत वाचली आणि बराच वेळ मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. बहुतेक पुस्तकांत प्रकरणं नाहीत, त्यामुळे "हे प्रकरण संपलं की ठेवते" असं जमत नाही. लोकलमध्ये वाचणार असाल तर खूण हाताशी ठेवा. आणि तळटिपा सोडू नका. अर्धी मजा तिथे आहे, म्हणून शक्यतो छापील प्रत घ्या, टीप त्याच पानावर मिळते. इंग्रजीतल्या काही कोट्या सुटतील. माझ्याही सुटतात, आणि चौथ्या-पाचव्या वाचनात अचानक एखादी सापडते. कळलं नाही म्हणून परत मागे जाऊ नका, गोष्ट धरून चला.

'द शेफर्ड्स क्राउन' तेवढं अगदी शेवटी. ते त्याच्या पश्चात आलं, आणि ते वाचताना आधीचा सगळा प्रवास आपल्या मागे असावा असं मला फार वाटतं.

भाचीला मी 'स्मॉल गॉड्स' कुरिअरनं पाठवलंय. माझीच जुनी प्रत, पाठीवरचा कागद निघालेली. पहिल्या पानावर पेन्सिलनं लिहिलंय, 'कासव उलटं ठेवलेल्या पानावर पोचलीस की फोन कर, कितीही वाजलेले असोत.'