रोप टाईट झालाच नाही

हिवाळ्यात प्रस्तरारोहण शिकणाऱ्या मुलांची बॅच घेऊन बदामीला जाणं हे माझं दरवर्षीचं काम. बेसॉल्टच्या सुळक्यांवर तयार झालेली आमची मुलं तिथल्या तांबड्या वालुकाश्माला पहिल्यांदा हात लावतात तेव्हा हरखून जातात. चालुक्यांनी ज्यात लेणी कोरली तोच हा दगड. आडव्या भेगा अशा, की बोटं आपणहून आत जातात.

त्या दिवशीचा शेवटचा रूट ६बी, म्हणजे मध्यम अवघड श्रेणीचा होता. वीसेक मीटर उंच, वर साखळीचा अँकर. मी लीड करून, म्हणजे रोप घेऊन आधी चढून दाखवणार आणि उतरताना क्विकड्रॉ, म्हणजे दगडातल्या बोल्टना रोप अडकवायच्या कड्या, काढत येणार, असं ठरलं. बिलेला, म्हणजे खालून माझा रोप सांभाळायला, बॅचमधला सगळ्यात भरवशाचा मुलगा होता. दोन वर्षं सुळक्यांवर माझ्यासोबत चढलेला.

चौथ्या बोल्टच्या वर भिंत किंचित अंगावर येते. उजव्या हाताला गोलसर होल्ड, त्याला धार नाही, तळवा दाबून धरायचा. डावा पाय कमरेच्या उंचीवर, सुपारीएवढ्या कंगोऱ्यावर. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि खालूनच पुढचा बोल्ट क्लिप करायला जातात. तेवढ्यात हात भरून येतात. आधी त्या पायावर उभं राहायचं, डावा हात भेगेत घालायचा, मग क्लिप. हे मी मुलांना ओरडून सांगत सांगतच केलं. बूट कंगोऱ्यावर आवाज न करता बसला, तेव्हाच कळलं की निघणार.

अँकरला पोचून स्वतःला अडकवायची पट्टी, म्हणजे स्लिंग, लावली आणि ओरडले, "सेल्फ!"

"ओके, ताई!"

उतरण्यासाठी रोपचा दुपेडी फास कडीतून ओवला, त्याला आठाची गाठ मारून स्क्रू कॅरॅबिनरने, म्हणजे स्क्रूने बंद होणाऱ्या कडीने, हार्नेसला लावला, जुनी गाठ सोडून शेपूट ओढून घेतलं. "टेक!" म्हणाले, म्हणजे रोप ताणून धर. उत्तर नाही. वारा होता, ऐकू आलं नसेल असं वाटलं. स्लिंगच्या कॅरॅबिनरचा स्क्रू निम्मा फिरवलाही होता.

स्लिंग काढण्याआधी साखळी धरून अंग वर ओढायचं आणि आपलं वजन रोपवर येतंय का बघायचं, ही माझी जुनी सवय. अंग ओढलं. स्लिंग सैल पडली, पण रोप टाईट झालाच नाही. मांडीवर नुसता लोंबत राहिला.

खाली बघितलं. ग्रिग्रीतून, म्हणजे बिलेअरच्या रोप अडवणाऱ्या उपकरणातून, काढलेला रोप मातीत पडला होता आणि आमच्या सॅकवर आलेल्या माकडाच्या मागे बिलेवरचा मुलगा धावत होता.

स्क्रू परत घट्ट केला. खडूने पांढरी झालेली बोटं त्या ॲल्युमिनियमवर घसरत होती. हाक मारली, तो परत आला, ग्रिग्री लावली, मी दोनदा तपासायला लावली, मग उतरले. खाली आल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"ताई, तुम्ही सेल्फ म्हणालात, म्हणून बिले काढला."

तो चुकला नव्हता. सुळक्यावर लीडर सेल्फ घेतो, बिले सुटतो, मग सेकंड, म्हणजे मागचा चढणारा, वर येतो आणि सगळे रॅपलने, म्हणजे आपापले रोपवरून सरकत, उतरतात. हे त्याला शिकवलं होतं मीच. इथे बिलेअरने मला लोअर करायचं, म्हणजे रोप सोडत खाली उतरवायचं होतं, आणि ते जमिनीवर असताना मी सांगितलंच नव्हतं. वीस वर्षं चढतेय, तरी ते गृहीत धरलं. रात्रभर या गोष्टीने झोप लागू दिली नाही.

तेव्हापासून बोल्टेड रूटवर आमच्याकडे 'सेल्फ' हा शब्द नाही. माझे पाय जमिनीला लागेपर्यंत ग्रिग्री उघडायची नाही, मी वरून काहीही ओरडले तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यालाच बिलेला घेतलं, त्याच रूटवर. इतरांना ते पटलं नव्हतं. माझी गाठ तपासून तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही लोअर होऊन येणार. मी ग्रिग्री उघडणार नाही."

वर साखळी धरून अंग ओढलं, तेव्हा मी "टेक" म्हणायच्या आतच रोपने हार्नेस वर उचलला.