ऑटो क्लचच्या गाडीचं आयडलिंग सेट केलं त्याचा अनुभव

माझ्याकडची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, हाताला क्लच लिव्हरच नाही, पायाने गिअर टाकायचा आणि सुटायचं. होंडाची सुपर कब 1958 साली आली, तिच्यात जो क्लच आहे त्याच पद्धतीचा हिच्यातही आहे. माझ्याकडे आली तेव्हापासून पहिला गिअर टाकला की खाड्कन आवाज व्हायचा आणि गाडी पुढे झेप घ्यायची, सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन मागून ढकलतंय असं वाटायचं, ब्रेक जरा सैल केला की निघालीच.

ज्याला विचारावं तो म्हणे क्लच प्लेट गेल्या. मला ते पटत नव्हतं, कारण प्लेट गेल्या की नुसती रेस वाढते आणि गाडी ओढत नाही, इथे तर नको तेव्हा पकडत होती. या क्लचमध्ये वजनं असतात, इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि क्लच पकडतो, फिरणं मंद झालं की स्प्रिंग त्यांना आत ओढते. म्हणजे साध्या गाडीत स्लो (म्हणजेच आयडलिंग, रेस न देता इंजिन फिरत राहतं तो वेग) जरा जास्त राहिला तर थोडं पेट्रोल जास्त जाईल, बाकी फार काही नाही, पण इथे स्लो वाढवला की सिग्नलवर कायम अर्धा क्लच सोडून उभं राहिल्यासारखं होतं आणि आतलं लायनिंग (क्लचचा पकड घेणारा थर) घासत राहतं. क्लच खोलायच्या आधी आयडलिंग बघायचं ते म्हणून.

मॅन्युअलमध्ये 1400 आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) दिलंय, 100 इकडे तिकडे. गाडीला आरपीएम काटा नाही म्हणून प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर आणला. यात एक लक्षात ठेवा, सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोकच्या बऱ्याच गाड्यांत प्लग दर फेऱ्याला ठिणगी टाकतो, मीटर दोन फेऱ्यांना एक ठिणगी अशा सेटिंगवर असेल तर 1400 चे 2800 दिसतात आणि माणूस घाबरून स्लो पार खाली आणतो. ती सेटिंग आधी बघून घ्या. माझ्या गाडीचा खरा आकडा 2000 च्या वर निघाला, खाड्कन आवाज का होणार नाही?

इंजिन चांगलं गरम करून (मोकळ्यावर, बंद जागेत अजिबात नको, धूर जीवावर बेततो) स्लो स्क्रू (आयडलिंग कमीजास्त करायचा) हळूहळू बाहेर घेतला तर 1600 च्या खाली आलं की गाडी बंदच पडायची. तेव्हा उजेड पडला, आधी कुणीतरी हा बंद पडायचा त्रास झाकायला स्लो वाढवून ठेवलाय. मूळ दुखणं वेगळंच.

मग क्रमाने गेलो. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून रेस वाढते का बघितलं, नाही, म्हणजे थ्रॉटलची केबल ताणलेली नाही. एअर फिल्टर आणि प्लग ठीक. कार्ब्युरेटर उतरवून स्लो जेट (आयडलिंगचं पेट्रोल जातं तो बारीक भोकाचा तुकडा) काढला आणि उजेडासमोर धरला, आरपार काहीच दिसेना. भोक केसाएवढं असतं, त्यात जुन्या पेट्रोलचा पिवळट डिंक बसलेला. क्लीनर मारून भिजत ठेवला, हवा मारली, परत धरला तेव्हा कुठे उजेडाचा गोल ठिपका दिसला. तार घालू नका हो, भोक मोठं झालं तर जेट वाया.

परत जोडून इंजिन गरम केलं. एअर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) थोडा थोडा फिरवत जिथे रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी लागते तिथे ठेवला, त्याने रेस वाढली ती स्लो स्क्रूने खाली आणली, असं दोन्ही आळीपाळीने. प्रत्येक वेळी पाव आटा किंवा त्याहून कमी, आणि फिरवल्यावर जरा थांबायचं, इंजिनला स्थिर व्हायला वेळ लागतो, घाई केली की आपण काट्याच्या मागे पळत बसतो. मधूनमधून थ्रॉटल झटकन देऊन सोडायचं, काटा 1400 ला परत यायला पाहिजे आणि गाडी बंद पडता कामा नये.

आता पहिला गिअर टाकून ब्रेक सोडला तरी गाडी जागेवर उभी राहते. डबल स्टँडवर मागचं चाक हळूहळू फिरतं, पण ते तेलाच्या ओढीने, हाताने धरलं की थांबतं (धरायचं तर टायरला वरून, स्पोक आणि चेनजवळ बोटं नकोत).

दुसरा गिअर टाकताना बारीक झटका राहिला होता, तो दुसऱ्या क्लचचा (वजनांच्या क्लचशिवाय हिच्यात गिअर पेडलवर चालणारा आणखी एक असतो). त्याचा ॲडजस्टर उजव्या कव्हरवर, लॉकनट सैल करून स्क्रू आधी एक आटा उजवीकडे, मग जरासं अडेपर्यंत डावीकडे, तिथून एक अष्टमांश आटा परत उजवीकडे, आणि स्क्रू धरून ठेवून लॉकनट आवळायचा. हे मात्र आयडलिंग जागेवर आल्यावरच करा, स्लो वाढलेला असताना इथे कितीही फिरवलं तरी झटका जात नाही.