तुम्ही विचारलेत म्हणून: गायक कुठे आहे?

कार्यक्रम ठरवण्यासाठी फोन येतो तेव्हा तारीख आणि मानधन यांच्याही आधी एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्याबरोबर गाणार कोण?" कोणी नाही, मी एकटाच गिटार वाजवतो, असे सांगितले की पलीकडचा माणूस गप्प होतो. फोंड्याजवळच्या एका देवळाच्या सभामंडपात तर निवेदकाने माझ्याशेजारी गायकासाठी म्हणून दुसरा माइक लावून ठेवला होता, आणि पहिली रचना संपली तरी त्याची नजर दाराकडेच होती.

मला या प्रश्नाचा राग येत नाही. गोव्यात गिटार घरोघरी ओळखीची आहे, पण ती मांडो या कोकणी गीतप्रकाराला, तियात्र या कोकणी नाटकातल्या कांताराला, म्हणजे गाण्याला, किंवा किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या गाण्याला साथ करणारी म्हणून. कॉर्ड धरायची आणि गाणाऱ्याच्या मागे राहायचे, एवढेच तिचे काम मानले जाते. विशीपर्यंत मीही तेच करत होतो.

आता मी वाजवतो त्या फिंगरस्टाइलमध्ये, म्हणजे एकेका बोटाने तारा छेडण्याच्या पद्धतीत, कामाची वाटणी वेगळी असते. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर खर्ज सांभाळतो आणि तर्जनी, मध्यमा, अनामिका उरलेल्या तारांवर चाल वाजवतात. अमेरिकेतल्या मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स यांच्या वादनात हा अंगठा घड्याळासारखा चालताना ऐकू येतो. खरी अडचण अशी की अंगठ्याने लय सोडायची नाही आणि वरच्या चालीला मात्र गळ्यासारखे किंचित मागे रेंगाळता आले पाहिजे. हे एकाच हाताकडून करवून घ्यायला मला तीन वर्षे लागली, आणि त्यातले पहिले वर्ष अनामिका हलली की अंगठा तिच्यामागे धावण्यातच गेले. तेव्हा गायक कुठे आहे, तर माझ्या अनामिकेत आहे. तिचे नख तुटणे म्हणजे गायकाचा घसा बसणे. एका गणेश चवथीला नारळ सोलताना ते मुळापासून गेले, तेव्हा टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून, कानशीने घासून, फेविक्विकने चिकटवून मी दीड तासाचा कार्यक्रम निभावून नेला.

यावर भागते का, हेही विचारले जाते. निव्वळ मंचावरच्या वादनावर भागत नाही. आठवड्याचे चार दिवस शिकवणी आणि अधूनमधून माहितीपटांचे पार्श्वसंगीत यांवर घर चालते. पावसाळ्यात कार्यक्रमही कमी आणि हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर, त्यामुळे गिटारचे लाकूड फुगते, तारा मानेवरच्या पडद्यांपासून (फ्रेटपासून) उचलल्या जातात आणि गंजतात. ते चार महिने मी रचना करण्यात घालवतो.

रचनेसाठी मी बहुधा 'डॅडगॅड' ही तारांची जुळणी घेतो. डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश वादकाने ती १९६० च्या दशकात रूढ केली. नेहमीच्या जुळणीतली सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवली की मोकळ्या तारांवर सा, प, सा, म, प, सा मिळतात आणि मांडीवरच तानपुरा असल्यासारखे वाटते. त्याखाली मला लहानपणापासून कानात असलेला घुमटाचा, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडे ताणून केलेल्या वाद्याचा, ठेका हवा असतो. आमचे मामा आरतीला घुमट वाजवताना उजव्या हाताने चामड्यावर थाप देत आणि डाव्या तळव्याने मडक्याचे उघडे तोंड झाकत-उघडत नाद बदलत. माझ्याकडे उघडझाप करण्याजोगे तोंड नाही, म्हणून मनगटाजवळच्या मांसल भागाने नादछिद्राच्या वरच्या लाकडावर थाप देतो. मामांच्या मते हा घुमट नव्हे, खोके ठोकणे आहे, आणि त्यांचे अगदीच चूक नाही.

सध्या आरतीच्या चालीवरून सुचलेल्या एका रचनेत कोमल गांधारावरून मध्यमावर जाणारी मींड, म्हणजे तार ओढून स्वर न तोडता सरकवणे, अडली आहे. तिसऱ्या तारेवर बारीक तारेचे वेढे असल्यामुळे ती तेवढी ओढली जात नाही आणि मध्यम नेहमी थोडा उतरलेला लागतो. म्हणून गेल्या आठवड्यात ती जागा मी दुसऱ्या तारेच्या आठव्या पडद्यावर नेली. ही तार साधी आणि उतरवलेली असल्याने मींड आता सुरात लागते, पण त्यासाठी डावा हात एवढा वर न्यावा लागतो की खालचा खर्ज दोन मात्रा मोकळ्या तारेवर सोडावा लागतो. त्या दोन मात्रांत थाप द्यावी की नुसता सा घुमू द्यावा, हे चवथीला मामांपुढे वाजवून ठरवणार आहे.