ग्वाल्हेरच्या थंडीत सोलर: पॅनेलला गारठा चालतो, सावली नाही

डिसेंबर-जानेवारीत युनिट घसरले की लोक थंडीला बोल लावतात. पॅनेलला मात्र थंडी मानवते. त्याचे वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात आणि पुढे दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज घटते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की १४ टक्के तिथेच गेले! जानेवारीच्या निरभ्र दुपारी ही तूट बरीच कमी असते.

युनिट खातात ते साडेदहा तासांचा दिवस, धुकं आणि सावली. पहिल्या दोन्हींवर इलाज नाही. धुकं दुपारपर्यंत रेंगाळलं तर ३ किलोवॅटच्या सिस्टिमकडून रोजच्या १२ युनिटांच्या निम्म्याचीही आशा धरू नका.

सावली मात्र आधी मोजता येते. २१ डिसेंबरला भर दुपारी ग्वाल्हेरचा सूर्य जेमतेम ४० अंश वर येतो. पाण्याच्या टाकीचा माथा पॅनेलपेक्षा ८ फूट उंच असेल, तर तिची सावली दुपारी साडेनऊ फूट आणि सकाळी सव्वानऊला जवळजवळ १८ फूट पडते. मेमधल्या दुपारी तीच सावली वीतभर असते, त्यामुळे उन्हाळ्यात गच्ची बघून गेलेल्या माणसाला ती दिसतच नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाट वस्तीत तर शेजाऱ्याचा वरचा मजलाही हिशेबात धरावा लागतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून २० ते २६ अंशांत बसवा. १० अंशांहून कमी उतार दिलात तर धूळ हलत नाही.

थंडीचा एक धोका मात्र खरा आहे, आणि कोटेशनमध्ये तो कोणी लिहीत नाही. गारठ्यात पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. ५० व्होल्टची १० पॅनेलं एका ओळीत जोडली की ५०० व्होल्ट होतात. ३ अंशांच्या पहाटे तेच सुमारे ५३०. इन्व्हर्टरची कमाल डीसी मर्यादा, म्हणजे पॅनेलकडून त्याला सोसणारं जास्तीत जास्त व्होल्टेज, ५०० असेल तर तो एरर दाखवून बंद पडेल, नाहीतर जळेलच. डेटाशीटमधला हा एक आकडा पैसे देण्याआधी बघा.

धुक्याचं दव धुळीत मिसळून ओघळतं आणि खालच्या फ्रेमपाशी बोटभर चिखलाची पट्टी साचते. ती सेलची खालची अख्खी रांग झाकते, म्हणून उभ्या लावलेल्या हाफ-कट (वरचा-खालचा अर्धा भाग वेगवेगळा चालणाऱ्या) पॅनेलचीही खालची अर्धी वीज ढासळते. वरची काच चकचकीत दिसते, त्यामुळे पट्टीकडे लक्षच जात नाही. सकाळी दव ओलं असतानाच मऊ कापडाने ती पुसावी, चिखल वाळला की खरवडावा लागतो आणि काचेवर चरे उठतात. बोअरच्या जड पाण्याने धुतलंत तर लगेच वायपरने निथळून घ्या, नाहीतर पांढरे डाग धरतात.

घरच्या छतावरच्या सोलरसाठी केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, त्यापुढे वाढत नाही. आणि बिनबॅटरीची ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) सिस्टिम लाइट गेली की भर उन्हातही बंद होते; खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते.