घरच्या स्विफ्टवर ऑटोक्रॉस

"एकटीच गाडी पळणार? मग शर्यत कुणाशी?" आण्णांनी विचारलं.

"घड्याळाशी."

"घड्याळाशी पळायला पेट्रोल कशाला जाळायचं?" म्हणत त्यांनी पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. आण्णांचा जन्म बैलगाड्यांच्या शर्यती बघण्यात गेला. शेजारून दुसरी जोडी पळत नसेल तर ती त्यांच्या लेखी शर्यतच नव्हे.

पण ऑटोक्रॉस असतंच तसं. मैदानावर कोन (रस्त्याच्या कामावर ठेवतात तसले प्लास्टिकचे शंकू) लावून वाट आखायची, एका वेळी एक गाडी सोडायची आणि फेरीला किती सेकंद लागले ते मोजायचं. दुसऱ्या गिअरच्या पुढं जायची वेळ सहसा येत नाही. कोल्हापूरला या खेळाचं वावडं नाही. मोहिते अकादमीच्या ट्रॅकवर कार्ट, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्या पळतात, इथलाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ३ (फॉर्म्युला थ्री) शर्यतींपर्यंत जाऊन आला. मी मात्र एक्केचाळीस वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला. गाडी 2013 ची पेट्रोल स्विफ्ट, 96 हजार किलोमीटर झालेली. तीच रोज कामावर नेते, तीच मुलीला क्लासला सोडते आणि दर पौर्णिमेला आईला जोतिबाला नेते. एका क्लबची स्थानिक स्पर्धा होती आणि तिच्यात स्टॉक वर्ग होता, म्हणजे कंपनीतून आली तशीच गाडी. म्हटलं, आपल्यासाठीच आहे.

फॉर्म भरायच्या आधी आयुष्यात पहिल्यांदा विम्याची पॉलिसी अख्खी वाचली. त्यात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. भाड्यानं देणं, मालवाहतूक आणि त्याच ओळीत संघटित शर्यती, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल म्हणजे गाडीच्या भरवशाची चाचणी. यातल्या कशात गाडी मोडली तर भरपाई नाही. एजंटला फोन केला. "कोण बघायला येतंय सायेब? रस्त्यावर ठोकली म्हणून सांगायचं." दिवसभर खोटे रिपोर्ट पकडायचे आणि स्वतः तसलाच एक लिहायचा, हे काही जमेना. रॅली आणि ट्रायलसाठी जादा हप्ता घेऊन पॉलिसी वाढवणारं आयएमटी 31 नावाचं पुरवणी कलम असतं. आपल्याला लागू पडतंय का बघावं म्हणून शाखेत गेलो. टेबलामागच्या बाईंनी तो आकडा कागदावर टिपून घेतला. फोन काही आला नाही. शेवटी वीस हजार रुपये बाजूला काढले आणि बायकोला सांगितलं, मोडलं तर यातूनच. ती म्हणाली, "पैशाचं राहू दे. सोमवारी कामावर कशानं जाणार?"

उत्तर नव्हतं. म्हणून उद्यमनगरात मेकॅनिक मामांकडं गेलो.

"काय सायेब, इकायची हाय व्हय?" मामांचा पहिला प्रश्न. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते बॉनेट उघडून थेट ब्रेक ऑइलच्या डबीकडं गेले. "ह्ये कवा बदललंय?" मला आठवेना. ऑइल चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं. ताजं डॉट 4 दर्जाचं ऑइल उकळायला 230 अंशांच्या वर तापावं लागतं, पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 पर्यंत घसरू शकते. डिस्क तापली की आत वाफ धरते, आणि पेडल दाबलं तर वाफच दबते, गाडी थांबत नाही. घाटातून एवढ्या वेळा खाली आलो, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. ऑइल बदललं, पुढचे पॅड बदलले, मागचे ड्रम साफ करून हँडब्रेक ओढून घेतला. टायरची हवा मी कमी करू का म्हणून विचारलं, कारण मातीत कमी हवेनं पकड वाढते असं ऐकलं होतं. मामा म्हणाले, "आन् वळणात टायर रिमवरनं सुटला म्हंजे? हाय ती ऱ्हाऊ द्या."

जानेवारीतला रविवार. हंगाम सुरू, त्यामुळं वाटेत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. वेगाच्या स्पर्धेला मी ताशी पंधराच्या गतीनं पोचलो.

मैदान मुरमाचं, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलेलं. आधी गाडीची तपासणी. गाडीत हलणारी एकही वस्तू चालत नाही, म्हणून सगळं उतरवायला लावलं: स्टेपनी, जॅक, छत्री, मुलीची पाण्याची बाटली, ऑफिसच्या फायली, सीटखालून निघालेला जोतिबाचा नारळ. डॅशबोर्डवरचा गणपतीही. तो दुहेरी टेपनं चिकटवला होता, पण टेप सुटली तर तो थेट काचेवर. नमस्कार करून खिशात ठेवला. शेवटी ड्रायव्हरच्या पायाखालची चटई. ती सरकून पेडलखाली अडकते, म्हणून काढायचीच. काढली तर खाली सगळं गुलाबी. तपासणाऱ्यानं बोट फिरवलं, वास घेतला. "कुठलं ऑइल गळतंय?"

"गुलाल आहे. जोतिबाचा."

तो गालात हसला आणि बॉनेटकडं वळला. तिथं मात्र हसू गेलं. मागच्या वर्षी नवी बॅटरी बसवली, तेव्हा दुकानदारानं क्लॅम्पचा बोल्ट हरवला म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला होता. वर्षभर मी ते बघून न बघितल्यासारखं केलं. "बॅटरी हलते. नापास. अर्ध्या तासात नीट करून आणा." रविवारी, गावाबाहेर, अर्ध्या तासात! शेजारच्या जुन्या झेनवाल्यानं न विचारता आपला डबा उघडला, हुकाचा बोल्ट काढला, थोडा वाकवला आणि बसवून दिला. तो माझ्याच वर्गात होता. आणि माझ्यापेक्षा अकरा सेकंदांनी पुढं राहिला, हेही सांगून टाकतो.

मग सगळ्यांना गोळा करून सूचना दिल्या. शेवटची सूचना अशी, की घरी जाताना रस्त्यावर कुणी कला दाखवताना दिसला तर पुन्हा इथं प्रवेश नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, दोन्हीही होऊ शकतं. पन्हाळ्याच्या रस्त्यावर रात्री हिरोगिरी करणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

फेऱ्या तीन, त्यातली चांगली धरायची. आधी पायी चालून वाट पाठ करायची असते. मी दोनदा चाललो, पाठ झाली असं वाटलं. हेल्मेट घालून बसल्यावर मात्र सगळे कोन सारखेच दिसू लागले. चौथ्या कोनानंतर उजवीकडं जायचं ते मी डावीकडं गेलो. चुकीची वाट म्हणून फेरी बाद. बाहेर आलो तेव्हा अंगावरचा सुती शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता, आणि मी पळवलं होतं जेमतेम अर्धं मैदान.

दुसरी फेरी जपून मारली. 94.62 सेकंद. लक्षात आलं की गाडी वळतच नाही. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जातंय, मग मी आणखी फिरवतोय, तरी तसंच. झेनवाला म्हणाला, "वळताना ॲक्सिलरेटर दाबून ठेवताय तुम्ही. जरा सोडा." पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी, पाय उचलला की वजन पुढं येतं, पुढचे टायर मातीत रुततात आणि नाक आत येतं. ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असतानाच मारायचा, हेही त्यानंच सांगितलं. आमच्या गाडीत एबीएस आहे, म्हणजे ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय. मोकळ्या मातीत चाक लॉक झालं तर समोर मातीचा ढीग साचून गाडी अडते, एबीएस तो साचू देत नाही. म्हणून ब्रेक वाटतो त्याच्या बराच आधी.

तिसरी फेरी. पहिल्या वळणाला सरळ रेषेत जोरात ब्रेक मारला आणि पायापासून डोळ्यांपर्यंत गुलाबी ढग उठला. चटईखाली राहिलेला सगळा गुलाल. दोन कोन मी अंदाजानंच घेतले. पाय उचलला, नाक आत आलं, आणि एवढा आनंद झाला की पुढच्या वळणाला मागचं चाक कोनाला घासलं. 88.31, कोनाला लागल्याच्या दंडाचे पाच सेकंद धरून 93.31. सतरापैकी अकरावा.

घरी येऊन गाडी धुतली. आण्णा बाहेर आले, चाकांकडं बघत म्हणाले, "जितली न्हाय व्हय?"

सोमवारी सकाळी हायवेला सत्तरच्या पुढं गेलो आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं. पोटात गोळा आला. वीस हजार गेले, बायकोचं खरं झालं. फौंड्रीच्या दारात गाडी लावून मामांना फोन केला. ते हसायला लागले. "आदी चाकाच्या आतनं चिखल काढा सायेब. एका बाजूला वाळलाय त्यो."

गाडी जॅकवर घेतली, रिमच्या आत हात घातला. मुठीएवढा मुरूम दगडासारखा घट्ट बसला होता. टूलरूममधून स्क्रू ड्रायव्हर आणून खरवडला. पंचिंग मशिनवर अकरा मिनिटं उशीर लागला. संध्याकाळी जाताना थडथड नव्हती, आणि गणपती नव्या टेपनं पुन्हा डॅशबोर्डवर बसला होता.